दिसलो का? टोचलो का?

भगत सरांच्या ट्रॅक्टरला मागे टाकून पुढे गेला नाही असा माणूस बोरी अरबमध्ये सापडणं कठीण. सायकलवाले त्यांना मागे टाकत, बैलगाडीवाले टाकत, आणि एकदा तर बाजारातून परतणाऱ्या दोन बाया डोक्यावर गाठोडी घेऊन, गप्पा न थांबवता, त्यांच्या बाजूने पुढे निघून गेल्या होत्या. सरांना त्याचं काहीच वाटत नसे. "मी हळू चालवतो हे मले मालूम हाये. मांगच्याले मालूम असलं पायजे, येवढंच," असं ते म्हणत.

भगत सर आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. मी त्याच शाळेत गणित शिकवतो आणि योगायोगाने त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतो, त्यामुळे त्यांच्या तावडीतून मी शाळेतही सुटलो नाही आणि घरीही नाही. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात किंवा नातवंडांकडे पुण्याला जातात. सरांनी जुना लाल ट्रॅक्टर घेतला. दारव्हा रस्त्याला लागून त्यांचं वडिलोपार्जित शेत होतं आणि आयुष्यभर ते दुसऱ्याकडून वाहून घेतलं, आता स्वतः वाहायचं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. काकूंना त्यांनी विचारलं नाही, सांगितलं. काकूही त्यांना 'सर'च म्हणत.

उंच, काटकुळा माणूस. पांढरा फुल शर्ट, बाह्यांची बटणं मनगटाशी लावलेली, खिशात पेन्सिल. ट्रॅक्टरवर बसतानाही हाच वेष, आणि सीटच्या बाजूला छत्री खोचलेली, मग तो वैशाख असो की पौष. वर्गात ते छापील मराठी बोलत आणि राग आला की वऱ्हाडीत शिरत. त्यामुळे त्यांचं छापील मराठी आमच्या वाट्याला फार कमी आलं.

जीभ मात्र भयंकर. माझ्या फळ्यावरच्या अक्षराकडे बघून ते सगळ्या स्टाफसमोर म्हणाले होते, "पोरं गणितात नापास होऊन नाई राह्यली. तुमचं अक्षर वाचण्यात होऊन राह्यली." एका लग्नात स्टेजवर व्हिडिओवाल्याने नवरीच्या तोंडावर मोठा लाइट धरला होता. नवरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि खालच्या बाया पदर डोळ्याला लावून "पोरगी मायेची हाय बाप्पा," करत होत्या. सर उठले, स्टेजवर चढले आणि व्हिडिओवाल्याला म्हणाले, "ती रडून नाई राह्यली बे. तुह्या लाइटानं पानी येऊन राह्यलं तिच्या डोळ्याले." लाइट बाजूला झाला, नवरीचं रडणं थांबलं आणि वरपक्ष-वधूपक्ष दोघांचाही विरस झाला. सर मात्र शांतपणे जेवायला बसले.

लाइटाशी त्यांचं हे असं जुनं भांडण होतं. दर वर्षी नव्या वर्गाला ते पहिला तास एकच देत. टेबलावर मातीचा घडा ठेवत, घड्याच्या अगदी बाजूला, पोरांच्या तोंडाकडे करून एक उघडा बल्ब लावत आणि म्हणत, काढा घडा. पोरं डोळे बारीक करून बघत. अर्ध्यांच्या कागदावर घड्याऐवजी बल्बच उतरे. मग सर बल्ब उचलून वर, बाजूला, भिंतीकडे धरत आणि घड्याचं पोट, गळा, काठ, काठाला गेलेली चीर, सगळं एकदम समोर येई. "उजेड कशासाठी असतो? घडा दिसावा म्हणून. उजेड दिसावा म्हणून नाही," हे एक वाक्य ते छापील मराठीत बोलत. मी बाजूच्या वर्गातून ते इतक्या वेळा ऐकलं आहे की माझ्या पोरांना समीकरणं शिकवताना ते मध्येच माझ्या तोंडून निघून जातं.

ट्रॅक्टर घेतला त्या पहिल्याच हंगामात एका संध्याकाळी सर शेतातून घरी येत होते. मागून एसटी आली आणि ड्रायव्हरने असा करकचून ब्रेक मारला की गाडीतल्या माणसांच्या पिशव्या पुढच्या माणसांच्या मांडीवर जाऊन पडल्या. ड्रायव्हर खाली उतरला आणि त्याने सरांना रस्त्याच्या मधोमध उभं करून झाडलं. मी त्याच गाडीत होतो. सर आता याला फाडून खातील या आशेने आम्ही सगळे खिडक्यांना चिकटलो. पण सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. असं त्यांना ऐकून घेताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. तो थांबल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मी तुम्हाला केव्हा दिसलो?"

"दिसलेच नाई न जी तुम्ही!" ड्रायव्हर ओरडला. "पयले धूळ दिसली, मंग डायरेक तुमची पाठ दिसली."

दुसऱ्या दिवशी सर यवतमाळला गेले आणि फिरता नारिंगी दिवा घेऊन आले. रस्त्याचं काम करणाऱ्या गाड्यांवर असतो, तसा. आपण हळू आहोत हे लांबूनच कळवणारा. आता दिवा आणला, लावला, झालं, असं कोणत्याही माणसाने म्हटलं असतं. सरांनी त्या दिव्यासाठी काकूंना कामाला लावलं.

घरासमोर रस्त्याच्या कडेला प्लॅस्टिकची खुर्ची मांडायची. दिवेलागणीच्या वेळी काकूंनी त्यावर बसायचं. सर ट्रॅक्टर घेऊन लांबून यायचे, समोरून एकदा, पाठमोरे एकदा, आणि खुर्चीपाशी आले की इंजिनाच्या आवाजावर ओरडून विचारायचे, "दिसलो का?"

"दिसले."

"टोचलो का?"

दिवा आधी चाकावरच्या पत्र्यावर लावला होता. तिथे तो खुर्चीत बसलेल्या माणसाच्या थेट डोळ्यात जाई. "टोचले," काकू म्हणाल्या. मग तो छतावर गेला. मोकळ्या ट्रॅक्टरला ते ठीक होतं, पण ट्रॉलीत कापूस भरला की ढीग छताच्या वर जातो आणि मागच्याला फक्त कापूस दिसतो. म्हणून मागून येणाऱ्यासाठी ट्रॉलीच्या उजव्या कोपऱ्यावर एक लोखंडी पाइप उभा केला आणि ढिगाच्याही वर दुसरा दिवा बसवला. दुपारी चालणारा उजेड अंधार पडल्यावर जास्त होतो असं काकूंनी सांगितलं, तर दारव्ह्याच्या मिस्त्रीकडून संध्याकाळसाठी तो मंद करून घेतला. हे सगळं होईपर्यंत काकूंच्या कित्येक संध्याकाळी खुर्चीत गेल्या. त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "लग्न होऊन येवढे वर्स झाले, यायनं मले कधी इचारलं नाई टोचलं का म्हनून. आता रोज इचारते."

सरांनी ते भिंतीपलीकडून ऐकलं असणार. दुसऱ्या दिवशी खुर्चीवर उशी होती.

दिव्याचं बटण त्यांनी मुद्दाम जुन्या पद्धतीचं, लोखंडी दांडीचं बसवून घेतलं. दाबलं की टक् असा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू जाई. ट्रॅक्टरवाल्याला स्वतःचा दिवा दिसत नाही, तो डोक्याच्या वर किंवा पाठीमागे असतो, म्हणून त्याला निदान कानाने तरी कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. गावात लोक हसले. मग हळूहळू एकेकाने तसंच बटण बसवून घेतलं, कारण न बसवलं तर सर रस्त्यात अडवून हजेरी घेत.

कापसाच्या दिवसांत, सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या कारखान्याच्या फाटकापासून रस्त्याच्या कडेने ट्रॉल्यांची रांग लागते. एका वर्षी त्या रांगेतला प्रत्येक ट्रॅक्टर आपापला दिवा लावून उभा. सगळे वेगवेगळ्या चालीने लुकलुकत होते आणि रस्त्याने जाणाऱ्याला रांग कुठे संपते हेच कळत नव्हतं. सर छत्री घेऊन रांगेच्या शेवटापासून पुढे चालत आले आणि प्रत्येकाला दिवा बंद करायला लावलं. "चालून राह्यले का तुम्ही? नाई न? मंग कायले लग्नाची रोषणाई करता? जो शेवटी हाये त्यानं लावा." लोक कुरकुरले. पण झालं असं, की नवीन ट्रॉली येऊन मागे लागली की पुढचा आपला दिवा बंद करी आणि मागचा आपला चालू ठेवी. टक्, आणि थोड्या वेळाने पुन्हा टक्. आता त्या रांगेत तोच रिवाज आहे. नवीन पोरांना तो कुणी पाडला हेही माहीत नाही.

हे असं सुरळीत चाललेलं असताना गजानन मस्केने आपल्या ट्रॉलीच्या मागे पांढऱ्या एलईडीची लांब पट्टी ठोकली. गजानन सरांचाच विद्यार्थी, आता दोन लेकरांचा बाप, भाड्याने ट्रॅक्टर चालवतो. पट्टी ट्रॉलीच्या फळीवर, बरोबर मोटरसायकलवाल्याच्या डोळ्यांच्या उंचीवर होती. लागली की मागचा अख्खा रस्ता पांढरा होई. सरांनी त्याला चौकात गाठलं आणि जे बोलायचं ते बोलले. त्यात त्याच्या चित्रकलेच्या वहीचाही उद्धार झाला. मी सोडवायला गेलो.

गजानन नेहमीसारखा हसून मान खाली घालेल असं मला वाटलं होतं. पण त्याचा आवाज चढला. "सर, मागच्या साली माह्या ट्रॉलीले मांगून नवराबायको ठोकले. तिचा पाय मोडला. म्या तिले उचलून दवाखान्यात नेलं. नवरा म्हने, तुही ट्रॉली दिसलीच नाई. तवापासून मले झोप येत नाई सर. आता कोनी म्हनून दाखवो दिसलो नाई म्हनून!"

सरांनी विचारलं, "तुह्याजवळ उद्या सांजेले वेळ हाये का?"

दुसऱ्या दिवशी सूर्य बुडाल्यावर आम्ही शिवाराच्या आतल्या डांबरी रस्त्यावर गेलो. तिथे त्या वेळी चिटपाखरू नसतं. गजाननची ट्रॉली कडेला उभी केली, पट्टी लावली. सरांनी गजाननला माझ्या मोटरसायकलवर बसवलं, मला त्याच्या मागे. म्हणाले, "लांबून ये. आपल्याच ट्रॉलीच्या बाजूनं निघून जा. बस."

आम्ही वळून आलो. लांबून पट्टी छानच दिसत होती, ते मान्य करायला हवं. जवळ येत गेलो तशी ट्रॉली नाहीशी झाली, मग रस्त्याची कड नाहीशी झाली आणि समोर फक्त पांढरं उरलं. गजाननने वेग कमी केला, एक हात डोळ्यांवर धरला, अंदाजाने उजवीकडून गाडी काढली. काहीतरी फाटल्याचा आवाज आला. त्याने ब्रेक मारला. मागे वळून पाहिलं तर ट्रॉलीच्या उजव्या कोपऱ्याशी, रस्त्यावर, सर उभे होते. अंगात पांढरा शर्ट. हातातल्या छत्रीचं कापड आमच्या हँडलला अडकून फाटलं होतं.

"मी कुठं होतो?" सरांनी विचारलं.

गजानन गाडीवरून उतरला आणि रस्त्याच्या कडेला मातीत बसला. सर त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. "तू दिसला रे. लय दूरून दिसला," ते हळू आवाजात म्हणाले. "पन तुह्या बाजूनं पायी चालनारा माणूस दिसला नाई. त्याले कोन जबाबदार?"

पट्टी त्याच संध्याकाळी निघाली. गजाननने ती पुढे फक्त जिनिंगच्या आवारात कापूस उतरवताना वापरली. त्याच्या ट्रॉलीवरही पाइप उभा राहिला, नारिंगी दिवा लागला, फळीवरची लाल चमकती पट्टी ताडपत्रीखाली झाकली जात होती ती उघडी राहू लागली. काकूंना छत्रीचा प्रकार माझ्याकडूनच कळला. त्या सरांशी बरेच दिवस बोलल्या नाहीत आणि माझ्याशी त्याहून जास्त दिवस. मला आजही वाटतं की त्यांचं बरोबर होतं. शिकवण्यासाठी माणसाने स्वतःला घड्याच्या जागी उभं करू नये. पण सरांना असं कुणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याचीच वही काढली असती.

त्याच सुमाराला सरांनी काकूंना एक गंमत सांगितली. संध्याकाळी रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याभोवती त्यांना रंगीत कडं दिसत होतं, आतून निळं, बाहेरून तांबडं. येवढी वर्षं चित्रं काढली पण हे आधी कसं दिसलं नाही, असं ते मोठ्या कौतुकाने म्हणत. काकूंनी फोनवर सहज ते कविताला सांगितलं. कविता त्यांची मुलगी, यवतमाळला दवाखान्यात नर्स आहे. ती दुसऱ्याच दिवशी पहिल्या गाडीने आली आणि वडिलांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. काचबिंदू निघाला. डोळ्यातला दाब वाढून नस सुकत चालली होती. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब टाकून जपायची, असं डॉक्टरांनी सांगितलं.

कविताने ट्रॅक्टर विकायला सांगितलं. बापलेकीचं भांडण मला भिंतीतून शब्दन् शब्द ऐकू आलं, आणि त्या घरात सरांना उत्तर देणारं कुणीतरी आहे याचा मला मनातून आनंदही झाला. सर म्हणत होते, समोरचं सगळं स्वच्छ दिसतं. ती म्हणत होती, बाजूचं दिसत नाही, ते तुम्हाला कळतही नाही. शेवटी सरांनीच तोड काढली. "ज्या दिवशी कोनी येऊन सांगन की सर, तुम्ही दिसले नाई, नाई तं सर, तुम्ही टोचले, त्या दिवशी मी चावी देऊन देईन. सोताच्या हातानं."

काकूंनी ही अट माझ्या बायकोला सांगितली, म्हणजे ती गावाला समजली. त्यानंतर सरांचा ट्रॅक्टर दिसला की बाकीची वाहनं आधीच कडेला होऊ लागली. सर वळताना हात दाखवायला विसरले तरी कुणी हॉर्न वाजवत नसे. त्यांच्या जिभेचा मार सगळ्यांनी खाल्ला होता, पण त्यांना घरी बसवण्याचं पाप कुणालाच नको होतं. सर मात्र म्हणत, "पाहा, गाव कसं सुधरलं."

एका संध्याकाळी ते ट्रॉली न जोडता, नुसता नांगर घेऊन शेतातून निघाले. नांगरताना मागे उजेड पडावा म्हणून ट्रॅक्टरच्या पाठीला एक पांढरा फोकस असतो. तो चालूच राहिला. रस्त्याला लागले तरी चालू. त्यांच्या मागे एक जीप होती, दोन-तीन मोटरसायकली होत्या, मीही होतो. आम्ही सगळे डोळे चुकवत, रांगेने, मुकाट्याने चाललो होतो. कुणी पुढे जाऊन सांगितलं नाही. मीही नाही.

मागून गजानन आला. त्याने आमच्या रांगेकडे पाहिलं, आमच्या तोंडाकडे पाहिलं, सगळ्यांना मागे टाकून पुढे गेला आणि सरांना हात दाखवून थांबवलं.

"सर, मांगचा फोकस चालू हाये."

"नाही," सर म्हणाले.

"चालू हाये जी."

फोकसचं बटण कंपनीचं होतं, प्लॅस्टिकचं, आवाज न करणारं. तो चालू असला की पुढच्या पत्र्यावर एक बारीक लाल दिवा पेटतो. सर खाली वाकले. तो लाल दिवा त्यांच्या नाकासमोर पेटलेला होता. त्यांनी मान थोडी डावीकडे केली, थोडी उजवीकडे केली, मग बोट पुढे करून तो चाचपला.

"टोचलो का?" त्यांनी विचारलं.

गजाननने मागे आमच्या रांगेकडे पाहिलं.

"गजानन, मी इचारून राह्यलो. टोचलो का?"

"टोचले, सर," गजानन म्हणाला, आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

सरांनी इंजिन बंद केलं. सीटच्या बाजूची छत्री काढली, नवीन होती ती, आणि खाली उतरले. चावी गजाननच्या हातात ठेवली. "रडतं कायले बे? येवढ्या लोकायमंदी तू एकटा पास झाला," असं म्हणून त्यांनी आम्हा बाकीच्यांकडे पाहिलं. मी त्यांच्या अगदी डावीकडे उभा होतो. मी त्यांना दिसलो का, ते मला माहीत नाही. मग ते छत्री टेकत घराकडे चालू लागले, आणि गजानन त्यांचा ट्रॅक्टर त्यांच्या मागे, त्यांच्याच चालीने, नारिंगी दिवा लावून आणत राहिला. मागची जीप, मोटरसायकली, आम्ही सगळे त्याच्या मागे. कुणीही पुढे गेलं नाही.

शेत आणि ट्रॅक्टर तेव्हापासून गजानन वाहतो. सर संध्याकाळी घरासमोर बसू लागले, त्याच प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, उशीवर. येणारे-जाणारे ट्रॅक्टर त्यांच्यापुढे थोडे थांबत आणि चालवणारे वरून ओरडत, "दिसलो का सर? टोचलो का?" सर उत्तरं देत. कुणाचा दिवा खाली घसरलेला, कुणाची लाल पट्टी मातीने भरलेली, कुणाच्या ट्रॉलीची मागची बाजू ताडपत्रीने झाकलेली. सुरुवातीला अगदी नेमकं सांगत. नंतर नंतर नुसतं "दिसला, जाय," एवढंच म्हणू लागले. आम्हाला वाटलं, वय झालं, जीभ मऊ झाली.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मी त्यांच्या बाजूला पायरीवर बसलो होतो. काकू डोळ्यांच्या थेंबांची बाटली घेऊन दारात उभ्या होत्या. सर मला माझ्या अक्षराविषयी जुनंच काहीतरी ऐकवत होते. दारव्ह्याच्या बाजूने लाल ट्रॅक्टर आला, ट्रॉलीत कापूस शिगोशीग, छतावर दिवा, पाइपवर दिवा, दोन्ही फिरत होते. गजाननने खुर्चीसमोर ट्रॅक्टर थांबवला. नारिंगी उजेड आमच्या भिंतीवरून, काकूंच्या हातातल्या बाटलीवरून, सरांच्या पांढऱ्या शर्टावरून आणि त्यांच्या उघड्या डोळ्यांवरून फिरत होता. सरांची पापणी लवत नव्हती.

"गजानन," सर खेकसले, "दिवा लाव बे. अंधार पडून राह्यला."

गजाननने वर दिव्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी काकूंकडे पाहिलं आणि काकूंच्या चेहऱ्यावरून मला समजलं की त्यांना हे आधीपासून माहीत होतं.

"हो जी सर," गजानन म्हणाला. "राह्यलाच लावाचा."

त्याने बटण दाबलं. टक्. भिंत काळी झाली, सर काळे झाले. त्याने थोडा वेळ जाऊ दिला. टक्. नारिंगी उजेड पुन्हा भिंतीवर आला आणि सरांच्या अंगावरून फिरू लागला.

"आता दिसलो का सर?"

सरांनी चेहरा आवाजाच्या दिशेने वळवला. "आता दिसला."

"टोचलो का?"

"नाई," सर म्हणाले. "जाय आता. मांगच्याले वाट दे."